चिमणीचा पुढचा डावा बूट

जुना आहे मी, चामड्याचा आहे आणि बूट आहे. इथपर्यंत तुम्ही बरोबर ओळखलंत, मित्रांनो. पण पाय घालून बघायला जाऊ नका. तुमचे दोन्ही पाय आत जातील आणि वर एक मांजर मावेल. मी माणसाचा बूटच नाही. मी घोडीचा. पुढचा डावा.

हसलात ना? हसा. पहिल्या दिवशी सगळेच हसले होते. त्यातला एकेक चेहरा माझ्या लक्षात आहे. चामड्यावर घडी पडली की पडली, ती इस्त्री फिरवून जात नाही.

आमच्या गोल्फ क्लबच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक निघालंय. गुळगुळीत पानं, पानोपानी पहिल्या कप्तानाचे फोटो, मिशीला पीळ, छाती पुढे. क्लब कसा उभा राहिला, कुणी किती कष्ट घेतले, सगळं त्यात आहे आणि निम्म्याहून जास्त थापा आहेत. म्हणून आता मी बोलणार. त्यांनी इतिहास खुर्चीत बसून लिहिला. मी तो खालून, चिखलातून बघितलाय.

आधी तिथे नुसतं कुरण होतं. वस्तीच्या बाहेर, कुणाच्याच नावावर नसलेलं, म्हणून सगळ्यांचं. बायका चादरी वाळत घालायच्या, पोरं मारामाऱ्या करायची, शेळ्या चरायच्या. एक गाडीवान दुपारी आपली घोडी तिथे मोकळी सोडायचा. घोडी कसली, डोंगर होता डोंगर! पुढून बघितली तर मागची बाजू दुसऱ्या गल्लीत वाटायची. आणि नाव काय, तर चिमणी. नाव गाडीवानानेच ठेवलेलं. तो माणूसच तसला. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायचा, मग इतरांना सांगायचा.

एका रविवारी सहा-सात मित्र लांब काठ्या घेऊन त्या कुरणावर आले. त्यातला एकजण नुकताच परदेश बघून आला होता. तिकडे हा खेळ बघून त्याच्या अंगात आला होता. त्यांनी जेवणाचे डबे जमिनीत पुरून भोकं केली, काठ्यांना रुमाल बांधून झेंडे केले आणि दिवसभर चेंडू बडवले. त्यातला निम्मा वेळ चेंडू कुठला आणि शेळीची लेंडी कुठली हे वाकून वाकून बघण्यात गेला. चादरी वाळत घालणाऱ्या बायकांनी त्या दिवशी पोट दुखेस्तोवर हसून घेतलं.

ते त्यांचं शेवटचं हसणं. वर्षभरात कुंपण आलं, फाटक आलं आणि फाटकावर पाटी आली: 'खासगी. सभासदांखेरीज कुणी गवतावर पाय ठेवू नये.' कुरण त्या लोकांना कसं मिळालं, कुठल्या अधिकाऱ्याला कितीदा जेवायला बोलावलं, ते पुस्तकात नाही. परदेश बघून आलेला तो माणूस आता कप्तान झाला होता. जहाज नाही, फौज नाही, गुडघाभर पाण्यालाही घाबरायचा, तरी कप्तान! क्लब असला की कप्तान लागतोच म्हणे.

शेळ्या हाकलल्या आणि गवत वाढलं. इतके दिवस शेळ्या फुकटात कापत होत्या, हे गवत गुडघ्याला लागल्यावर कप्तानाच्या ध्यानात आलं. मग त्याने गवत कापायचं यंत्र मागवलं. लोखंडी, गोल पात्यांचं, घोड्याने ओढायचं. यंत्र आलं तेव्हा आठवण झाली की क्लबकडे घोडा नाही.

गाडीवानाला बोलावणं गेलं. कप्तान चिमणीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "घोडी क्लबला दे. तुला कायमची नोकरी, राहायला कुंपणामागची खोली, घोडीचा दाणापाणी क्लबचा. ती थकली की तुझी तू परत घेऊन जा. शब्द देतो."

गाडीवान उडत घरी आला. त्याची बायको खोगीरवाल्याची मुलगी, स्वतः खोगीर शिवायची. तोंडात मेण लावलेला दोरा, हातात आरी. तिने दोरा दातातून काढला.

"नोकरी तुम्ही करणार, मग घोडी त्यांची कशी?"

"अगं, नावालाच त्यांची. कप्तान साहेबांनी शब्द दिलाय."

"हातात दिला की हवेत?"

"मानेवर हात ठेवून दिला."

"कुणाच्या? स्वतःच्या?"

गाडीवान हसला. ती हसली नाही. चिमणीला तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. घोडीची आई तिला विताना गेली होती. नवरा-बायकोला मूल नव्हतं. चिमणी होती. तेव्हा त्या शब्दावर काय काय टांगलेलं होतं ते तुम्हीच समजा, मित्रांनो.

आता माझा जन्म. चिमणी यंत्र ओढायला लागली आणि पहिल्याच दिवशी तिचे खूर मऊ गवतात रुतले. भोकाभोवतीच्या बारीक गवताला ते लोक 'ग्रीन' म्हणायचे आणि देवघरासारखं जपायचे. एका सभासदाचा चेंडू खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला. तो सभासद असा ओरडला, जसा काही त्याचाच पाय गेला. परदेशात अशा घोड्यांना चामड्याचे बूट घालतात हे कप्तानाला आठवलं. मग बूट शिवायचं काम खोगीरवालीकडे आलं.

तिने चिमणीचा खूर जेवणाच्या ताटावर ठेवून माप घेतलं. रापीने चामडं कापलं. तळवा तीन थरांचा, ताटाएवढा गोल आणि सपाट, म्हणजे वजन पसरेल आणि गवत दबणार नाही. वर पट्टा, बाजूला बक्कल, आत लोकरीची गादी, म्हणजे चिमणीला घासणार नाही. मी चौघांत पहिला. माझ्यावर तिने शिकून घेतलं, म्हणून माझे टाके थोडे वाकडे आहेत. पण मापाला मी अचूक बसलो. तिने मला तिच्या मांडीवर उलटा धरला, तळव्यावर थाप मारली आणि म्हणाली, "हं. चाल आता."

चिमणी बूट घालून पहिल्यांदा चालली तेव्हा पाय इतके उंच उचलत होती, जशी काही जमीन तापली होती. सभासद लोळले हसून. पण गवतावर एक डाग नाही! मग ते हसायचे थांबले. दुसऱ्या क्लबांचे लोक बघायला येऊ लागले. "काय डोकं आहे!" म्हणायचे. कप्तान मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "सुचलं आपलं."

सुचलं म्हणे! मी तिथेच, त्याच्या पायाशी. मला तोंड नव्हतं म्हणून वाचला.

आणि खरी गंमत तर पुढेच. ज्या बाईने मला शिवलं, तिला कुंपणाच्या आत यायची बंदी. ती रोज सकाळी फाटकाबाहेर, खडीवर गुडघे टेकून चिमणीला चारही बूट चढवायची आणि तिथूनच परत फिरायची. गाडीवानाला आत जायला मिळायचं, पण चपला फाटकाशी काढून. घोडीच्या पायात बूट आणि तिचा माणूस अनवाणी! कडक थंडीतसुद्धा. त्याच्या टाचांच्या भेगा मी अगदी शेजारून बघितल्यात.

आत गेलं की कप्तानाची तपासणी. त्याचा तो लाडका सोहळा. चहाचा कप एका हातात, वेताची छडी दुसऱ्या हातात. छडीने आम्हा चौघांना एकेक फटका. टक्. मग मान हलवायची आणि मोठ्याने, व्हरांड्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "निर्दोष!" टक्. "निर्दोष!" आत काय आहे हे त्याने एकदाही बघितलं नाही. वाकायला लागलं असतं ना. वर्षानुवर्षं मी ते फटके खाल्ले. एकही विसरलो नाही.

असे दिवस गेले. भोकं वाढली, व्हरांडा वाढला, कप्तानाचं पोट वाढलं. चिमणीच्या तोंडावर पांढरे केस आले. उतारावर ती धापा टाकायला लागली. गाडीवान तिच्या कानात म्हणायचा, "थोडं राहिलं गं. मग तुझी सुट्टी. मग तू बसून खायचं आणि मी तुला वारा घालायचा."

त्याच सुमाराला क्लबने मोटारीचं यंत्र घेतलं. धुराचं, खडखडाटाचं. ते अजून मधेच बंद पडायचं, म्हणून मोठ्या सामन्यापर्यंत चिमणीला ठेवायचं ठरलं. चांदीच्या कपाचा सामना, आसपासच्या सगळ्या क्लबांचे लोक येणार. सामना झाला की चिमणी मोकळी. गाडीवानाच्या तोंडावर तर आठवडाभर हसूच होतं.

एके सकाळी तपासणीच्या वेळी व्हरांड्यात एक जाडा माणूस बसलेला. दगडाच्या खाणीचा मालक. तो पायऱ्यांवरून उतरला, चिमणीचा ओठ वर करून दात बघितले आणि म्हणाला, "चालेल. सामन्याच्या संध्याकाळी घेऊन जातो."

गाडीवानाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय घेऊन जाता, मालक?"

"घोडी," कप्तान म्हणाला. "हे आपल्याला व्हरांड्याच्या नव्या पायऱ्यांना दगड देतायत. बदल्यात घोडी खाणीत."

"पण साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"कसला शब्द?"

"ती थकली की परत माझी."

"थकली कुठे?" कप्तान म्हणाला. "हे म्हणतायत अजून दोन वर्षं आरामात दगड ओढेल. थकली असती तर दिली असती की तुला!"

व्हरांड्यात हशा पिकला. कपबशांसकट. गाडीवान अनवाणी उभा. चिमणीने नाकाने त्याच्या खिशात खाऊ शोधला. आणि कप्तानाने छडी उचलली. टक्. "निर्दोष!"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या तळव्यापासून बक्कलापर्यंत आग आग झाली. मला त्या माणसाच्या मिशीवरून, चिमणीच्या सगळ्या वजनानिशी, एकदाच चालत जायचं होतं. एकदाच.

त्या दिवशी घरी गाडीवान ताटासमोर बसला आणि भाकरीचे तुकडे करत राहिला. खोगीरवाली समोर. आम्ही चौघे दाराशी.

"खाणीत घोडं एक वर्ष टिकतं," ती म्हणाली. "माझ्या बापाने तिथल्या घोड्यांचे पट्टे शिवलेत. परत दुरुस्तीला आलेला पट्टा कधी त्याच घोड्याचा नसायचा."

"मी परत विनंती करतो. साहेब मनाने वाईट नाहीत."

"करा. पाय धरा. त्यांच्याही पायात बूट आहेत का बघा."

"मग काय करू, तूच सांग!" गाडीवान ओरडला.

ती उठली. ताट सरकवलं, हात धुतले. मग म्हणाली, "बूट द्या इकडे. चारही."

"कशाला?"

"टाके उसवलेत."

गाडीवानाने मला उचलून उलटसुलट बघितलं. "कुठे उसवलेत?"

"आता उसवतील."

दुसऱ्या दिवशी ती क्लबच्या स्वयंपाकघराच्या मागच्या, कुंपणाबाहेर उघडणाऱ्या दाराशी गेली. आम्ही तिच्या पोत्यात. क्लबची स्वयंपाकीण गाडीवानाची बहीण, म्हणजे हिची नणंद. कोपऱ्यात खडेमिठाचं पोतं होतं. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला घालायचं ते जाडं मीठ.

"वन्सं, थोडं मीठ हवं होतं."

"घे की वहिनी. केवढं?"

हिने अर्धं पोतं ओतून घेतलं. नणंद बघतच राहिली. "अगं बाई! एवढं कशाला?"

"लोणचं घालतेय."

"कसलं?"

"कप्तानाचं."

नणंदेने भावजयीकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मग उरलेलं मीठही ओतलं. "पॉटचं मी बघते," म्हणाली. "मुरू दे चांगलं."

घरी आल्यावर तिने आमचे तळवे उघडले. मधला थर काढून टाकला. त्या जागी मीठ, ठासून, कुटून, ओलसर. वरच्या बाजूला मेणकापड, म्हणजे चिमणीच्या खुराला मिठाचा कण लागणार नाही. ते मेणकापड तिने दोनदा तपासलं, हात फिरवून, गाल लावून. खालच्या तळव्याला आरीने बारीक बारीक भोकं. मग शिवण घातली, अशी की मलाच कळेना माझी जुनी शिवण कुठली.

तिने मला उलटा धरला आणि थाप मारली. या वेळी काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. आमचं दोघांचं एकच चाललं होतं डोक्यात.

सकाळी कप्तानाने आम्हाला बघितलं आणि भुवया उंचावल्या. "तळवे नवे दिसतायत. छान, छान! सामन्याआधी असंच हवं. बायकोला सांग." टक्. "निर्दोष!"

त्या छडीचा फटका मला पहिल्यांदा गोड लागला.

मग सुरू झालं आमचं काम. दवाने गवत भिजलेलं असायचं. चिमणीचा पाय पडला की खालून पाणी चढायचं, पाय उचलला की खारट होऊन गळायचं. चालताना थोडं, पण ती जिथे थबकायची, वळायची, यंत्र उचलेपर्यंत उभी राहायची, तिथे भरपूर. आणि ती थबकायची ग्रीनच्या कडेला, भोकापाशी. त्यांच्या अगदी देवघरात. तिथे मी असा बसायचो, मित्रांनो, असा मनापासून बसायचो, की काय सांगू. मीठ संपलं की ती रात्रीतून पुन्हा भरायची.

आधी गवत फिकं पडलं. मग पिवळं. मग गोल गोल, ताटाएवढे तपकिरी डाग. कप्तान छडीने डाग टोचत म्हणाला, "सुकलेलं गवत वर आलंय. कापून काढा. घोडी दोनदा फिरवा!"

दोनदा! चिमणी दोनदा फिरली. डागही दुप्पट झाले. मग तो म्हणाला, "तीनदा फिरवा!" शत्रू असावा तर असा. आपलं काम स्वतः वाढवून देणारा.

गाडीवान भोळा होता, पण आंधळा नव्हता. एका संध्याकाळी घरी येऊन त्याने बायकोकडे रोखून बघितलं.

"खरं सांग. तू काही केलंस का?"

"मी?" ती दोरा ओवत म्हणाली. "मला कुंपणाच्या आत पाय तरी ठेवू देतात का?"

"माझी नोकरी जाईल गं."

"चिमणी जातेय तिचं काय?"

"चिडून ती परत येणार आहे का?"

"नाही येणार," ती म्हणाली. ओवलेला दोरा तिने परत ओढून काढला. "पण निदान ते खूश होऊन तरी नाही देणार तिला."

म्हणजे बघा. चिमणी सुटेल असं तिलाही वाटत नव्हतं. तिला फक्त सूड हवा होता. मलाही. पुढे जे झालं ते कप्तानानेच केलं.

सामन्याचा दिवस उजाडला. तंबू, खुर्च्या, बॅंड. पाहुणे आले, पहिल्या ग्रीनवर गेले आणि उभेच राहिले. शेजारच्या क्लबचा कप्तान, बारीक, किडकिडीत, जन्माचा खवचट. त्याने चष्मा पुसला.

"कप्तान साहेब, पंगत केव्हा बसतेय?"

"कसली पंगत?"

"ताटं मांडलीत म्हणून विचारलं."

झालं. दिवसभर तेच. "इथे वाढा हो!" "माझं ताट कुठलं?" आणि खेळायला जावं तर चेंडू हिरव्यावरून सरळ येतोय, डागावर चढतोय आणि भलतीकडेच टणकन उडतोय. शेवटच्या ग्रीनवर कप्तानाला कप जिंकायला एकच हलका फटका हवा होता. भोक हाताच्या अंतरावर. चेंडू निघाला, माझ्या डागावर आला, माझ्या, पुढच्या डाव्याच्या, मी ओळखतो माझा डाग, आणि वळसा घेऊन निवांत निघून गेला. किडकिडीत कप्तानाने टाळ्या वाजवल्या. कप तो घेऊन गेला. वर आइस्क्रीम गोठलंच नव्हतं. पाहुण्यांनी ते पेल्यातून प्यायलं.

मी ग्रीनच्या कडेला, चिमणीच्या पायात. सगळं बघितलं. चामड्याला हसता येत नाही, पण त्या दिवशी माझी बक्कल आपोआप सैल झाली.

मग आरडाओरडा. सभासद कप्तानाभोवती गोळा झाले. एकजण खाली वाकला, डागावर वीत ठेवली, मग माझ्यावर वीत ठेवली. "कप्तान, हे तर बुटांचंच माप आहे."

मी श्वास रोखला. मला श्वास नाही, पण रोखला. फाटकाबाहेर खोगीरवाली उभी होती. तिचे हात गजांवर आवळलेले.

कप्तानाचा चेहरा लालबुंद. "बूट मी रोज तपासतो!" तो गरजला. "रोज! तुम्हा सगळ्यांसमोर! बुटांत दोष म्हणजे माझ्यात दोष, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

"बूट निर्दोष आहेत. दोष घोडीत आहे. पायाचा रोग आहे तिला. खुरांतून खाली उतरतो आणि गवताला लागतो."

"असतो असा रोग?" कुणीतरी विचारलं.

"असू शकतो," एक सभासद डॉक्टर म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता.

तेवढ्यात मागून खाणवाला पुढे आला. तो चिमणीला न्यायला दोर घेऊनच आला होता. दोर त्याने परत गुंडाळायला घेतला.

"रोगी जनावर मला नको हो. माझे बाकीचे घोडे आहेत."

"अहो, तसा फार नाही रोग," कप्तान गडबडला.

"आत्ताच म्हणालात, खुरांतून उतरतो. गवत मेलंय समोर."

"मग आमच्या पायऱ्यांचं काय?"

"लाकडाच्या करा," खाणवाला म्हणाला आणि चालायला लागला.

मित्रांनो, कप्तानाला तेव्हाही चिमणीला विकता आलं असतं. एकच वाक्य बोलायचं होतं: घोडी धडधाकट आहे, बुटांत काहीतरी गडबड आहे, माझ्या नजरेतून सुटली. किडकिडीत कप्तान कप काखेत धरून वाटच बघत होता. आमच्या कप्तानाने त्या कपाकडे बघितलं. मग वळून गाडीवानावर खेकसला.

"घेऊन जा ही तुझी घोडी! आत्ताच्या आत्ता! तूही जा. आणि बूट क्लबचे आहेत, ते काढून ठेव."

गाडीवान गुडघ्यावर बसला. बूट चढवायचं काम रोज बायकोचं, त्याला बक्कल सुटेना. तेवढ्यात फाटक करकरलं. खोगीरवाली आत आली. चपला घालून, ग्रीनवरून, सरळ.

"ए बाई! आत यायची परवानगी नाही!" कप्तान पुढे धावला.

"घोडीला रोग आहे साहेब," ती म्हणाली. "पायाचा. येताय जवळ?"

कप्तान जागच्या जागी थांबला. सगळेच दोन पावलं मागे सरले. तिने बक्कल सोडली, मला काढला, गवतावर ठेवला. माझ्यावर क्षणभर हात ठेवला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चिमणीचा लगाम धरला आणि फाटकाकडे निघाली. कडेच्या वाटेने नाही. मधून.

इतक्या वर्षांनी चिमणीचे उघडे खूर त्या जमिनीवर पडले. फसक. फसक. एकेक खड्डा असा खोल की खाली पाणी चमकलं. कप्तान ओरडत होता, "कडेने न्या! अहो, कडेने!" खोगीरवालीने मागे बघितलं नाही. गाडीवान दोन पावलं त्यांच्यामागे अनवाणी गेला, थांबला, आणि हसायला लागला. एकटाच, मोठमोठ्याने. या वेळी विनोद त्याचा नव्हता, तरी.

मी तिथेच राहिलो. क्लबचा ना मी! पुढचं नणंदेच्या तोंडून कानावर आलं. नोकरी गेली, खोली गेली. गाडीवान बाजारात हातगाडी ओढायला लागला आणि चिमणी अंगणात उभी राहून त्याच्याकडे बघत चघळत असायची. शेवटपर्यंत तिने काही ओढलं नाही. जाडजूड होऊन, म्हातारी होऊन, खोगीरवालीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. माझी बाई मला न्यायला कधी आली नाही. येऊ शकत नव्हती, मला माहीत आहे. तरी बरीच वर्षं मी फाटकाकडे तोंड करून होतो.

माझ्या तीन भावांतल्या एकाची कुंडी झाली, एकात क्लबची कुत्री व्याली, एक बंबात गेला. आणि मी? मी काचेच्या पेटीत, जेवणघराच्या भिंतीवर. खाली पितळी पट्टी: 'क्लबच्या आरंभकाळातील बूट. कप्तान साहेबांनी स्वतः तपासलेला, निर्दोष.' कप्तानाचा नातू आता कप्तान आहे. शाळेची मुलं आली की तो मला दाखवून सांगतो, "आमच्या आजोबांचा मुक्या प्राण्यांवर फार जीव."

असं तो म्हणाला की मी एकच करतो. वास मारतो. जुनं चामडं, घोड्याचा घाम, हवा दमट असली की असा दरवळ सोडतो की मेजवानीतले लोक तोंडातला घास तसाच धरून मेलेला उंदीर शोधायला लागतात. तीनदा फरशी उखडली त्यांनी. अजून सापडला नाही.

माझ्यासारखे जुने बूट शेवटी म्हणतात, आम्हाला तेल लावा, पॉलिश करा, जपा. मला काही लावू नका, मित्रांनो. माझा वास जाईल. जपायचंच असेल तर तुमच्यासाठी राबून थकलेल्याला जपा, तो जिवंत असेपर्यंत. त्याच्या मानेवर हात ठेवून शब्द दिला असेल तर पाळा. जनावर बोलून दाखवत नाही, हे खरं. पण त्याचे बूट कुणीतरी शिवलेले असतात.